फाशी, बोलणं आणि युद्ध: वादविवादाचा ठराव कसा फोडायचा

१२ जानेवारी जवळ आली की सोलापुरातल्या कॉलेजांच्या सूचनाफलकांवर वादविवाद स्पर्धांची पत्रकं लागतात. युवा दिन, जिजाऊ जयंती आणि आपल्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन एकाच तारखेला, त्यात गड्ड्याच्या यात्रेची धांदल. ठराव मात्र फिरून फिरून तेच: फाशीची शिक्षा रद्द व्हावी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा हवीच, दहशतवादाला युद्ध हेच उत्तर. या तिन्हींवर प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं आणि घात तिथेच होतो. मत आहे म्हटल्यावर अभ्यास कोण करतो?

वरवर वेगळे दिसणारे हे तीन ठराव एकच गोष्ट विचारतात: सरकारच्या हातात किती द्यायचं? जीव घेण्याचा, तोंड बंद करण्याचा आणि माणसं रणात धाडण्याचा अधिकार. हे धरून तयारी केली की एकाचं वाचन दुसऱ्याला उपयोगी पडतं.

आधी नियमपत्रिका वाचा. मराठी स्पर्धांत बहुधा दोघांचा संघ असतो; एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. म्हणजे तुमच्या जोडीदाराचं टिपण हेच तुमच्या विरोधकाचं टिपण. दोघांनी एकाच टेबलावर बसून तयारी करा आणि तीन दिवस आधी बाजू बदलून एकदा बोलून पाहा. आपल्याच मुद्द्याचं भोक आपल्याला तेव्हाच दिसतं.

मग ठरावातला प्रत्येक शब्द फोडा. ‘फाशीची शिक्षा रद्द व्हावी’ यात ‘फाशी’ म्हणजे मृत्युदंड की फक्त दोरानं मारण्याची पद्धत? सगळ्या गुन्ह्यांसाठी की दहशतवाद वगळून? रद्द करून त्या जागी काय? ही हद्द पहिल्या मिनिटात तुम्ही आखली नाही तर समोरचा आखतो, आणि तो ती तुमच्या गैरसोयीची आखतो. अनुकूल बाजूच्या वक्त्याला कसाबचं नाव ऐकून घाम फुटतो तो यामुळेच. विधी आयोगाच्या २०१५ च्या २६२ व्या अहवालानं दहशतवादाचे गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं वगळता बाकी गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द करा असं सुचवलं होतं. पहिल्याच मिनिटात ‘आम्ही याच शिफारशीच्या बाजूनं उभे आहोत’ असं म्हटलं की कसाब तुमच्या हद्दीबाहेर जातो. प्रतिकूल बाजूनं याच अहवालावर उलटं बोट ठेवावं: अपवाद ठेवावा लागला, म्हणजे काही गुन्ह्यांना हीच शिक्षा योग्य हे आयोगानंही मान्य केलं. आयोगातल्या काही सदस्यांनी तर वेगळी मतं नोंदवली होती.

फाशीच्या विषयात चुका ठरावीक असतात. पहिली, ‘खून केला की फाशी’. तसं नाही. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. एका प्रकारच्या खुनाला फाशी सक्तीची करणारं जुन्या दंडसंहितेचं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये मिठू खटल्यात रद्द केलं. दुसरी चूक, ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही मृत्युदंड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात शिक्षामाफीचा विचार होण्याआधीची किमान मुदत, सुटकेची तारीख नव्हे. २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून न्यायालय माफीचा मार्ग बंद ठेवून जन्मठेप देऊ शकतं. अनुकूल बाजूचं हे सर्वात मोठं हत्यार आहे, कारण ‘मग नराधमांना मोकळं सोडायचं का?’ या आरोळीतली हवाच त्यानं निघून जाते. तिसरी चूक कलमांची. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. आजच्या गुन्ह्याबद्दल बोलताना ‘तीनशे दोन’ म्हणालात की परीक्षकांत बसलेला वकील पेन खाली ठेवतो.

‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हे शब्द सगळेच फेकतात, अर्थ थोड्यांनाच सांगता येतो. ते आले १९८० च्या बच्चनसिंग निकालातून. पाच न्यायमूर्ती, चार विरुद्ध एक. विरोधी मत भगवतींचं. जन्मठेप हा नियम, मृत्युदंड हा अपवाद. न्यायाधीशानं गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही तोलायचे आणि जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे बंद झाला असेल तरच फाशी द्यायची. प्रतिकूल वक्त्यानं ही चाळणी दाखवावी: सत्र न्यायालयानं फाशी दिली तरी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, पुढे सर्वोच्च न्यायालय, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. अनुकूल वक्त्यानं ही चाळणी कुठे फाटते ते दाखवावं. खंडनाची एक फेरी जवळून बघा.

अनुकूल: ‘महाराष्ट्रातल्या एका खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही आरोपींना फाशी ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं त्या सहांना निर्दोष सोडलं.’

प्रतिकूल: ‘म्हणजे व्यवस्थेनं चूक सुधारली. हाच तर आमचा मुद्दा!’

इथे बहुतेक अनुकूल वक्ते पुन्हा पहिलंच वाक्य जास्त जोरात म्हणतात. उत्तर एका ओळीचं आहे: ‘सुधारता आली, कारण ते सहाजण जिवंत होते.’ म्हणा, एक श्वास थांबा आणि पुढच्या मुद्द्यावर जा. यावर प्रतिकूल बाजूकडे चांगलं उत्तर एकच उरतं: पुरावा कसा तपासावा याचे निकष कडक करा, शिक्षा तशीच ठेवा. ते तयार ठेवा.

विलंबाचा मुद्दाही दुधारी. दयेच्या अर्जावर सरकारनं विनाकारण वर्षानुवर्षं लावली तर फाशीची जन्मठेप होऊ शकते असं २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात ठरलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये याच कारणानं जन्मठेपेत बदलली. अनुकूल म्हणेल शिक्षा राबवताच येत नाही, प्रतिकूल म्हणेल हा दोष फायलींचा. ‘फाशीमुळे गुन्हे कमी होतात’ किंवा ‘होत नाहीत’ असं छातीठोक सांगू नका. अभ्यास दोन्हीकडचे आहेत. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त असल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढंच आयोगाच्या आधारानं म्हणा. आणि बलात्काराच्या खटल्याबद्दल बोलताना पीडितेचं नाव घेऊ नका, जखमांची वर्णनंही नकोत. ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

अभिव्यक्तीच्या ठरावासाठी संविधानाची मराठी प्रत समोर ठेवून कलम १९(२) हातानं लिहून काढा. मर्यादांची कारणं आठ: सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बोटांवर मोजा. त्यात ‘भावना दुखावल्या’ नाही, ‘राष्ट्रहित’ही नाही. धार्मिक भावनांचं कलम (पूर्वीचं २९५अ, आता २९९) टिकलं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारानं, आणि त्याला जाणूनबुजून दुष्ट हेतू लागतो. ‘मर्यादा हवीच’ ही बाजू मांडणाऱ्यानं घटनेच्या इतिहासात शिरावं: ‘वाजवी’ हा शब्द आणि सुव्यवस्थेचं कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं. ते आणणारे घटना लिहिणाऱ्यांतलेच होते.

विरुद्ध बाजूला श्रेया सिंघल निकाल, २४ मार्च २०१५. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुरावर शिक्षा देणारं कलम ६६अ गेलं. निकालातली पायरी पाठ हवी: चर्चा, समर्थन, चिथावणी. पहिल्या दोन्हींना संरक्षण, कात्री तिसरीला. समोरचा एखाद्या जळजळीत पोस्टचं उदाहरण देईल तेव्हा शांतपणे विचारा, ‘ही कितवी पायरी?’

एक वाक्य पाठ असेल तर खोडा: ‘कलम १९ फक्त सरकारविरुद्ध चालतं’. जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमतानं हा हक्क सरकारबाहेरच्यांविरुद्धही बजावता येईल असं म्हटलं. त्याच निकालात आठ कारणांची यादी पूर्ण आहे, नववं जोडता येणार नाही, असंही ठरलं. एकच निकाल दोन्ही बाजूंना पुरतो, म्हणून तो मूळातून वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशातून नको.

राजद्रोह आणि देशद्रोह यांची खिचडी करू नका. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला धाडलं ते राजद्रोहाच्या कलमाखाली. ते कलम १२४अ सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२२ ला थांबवून ठेवलं. नव्या संहितेच्या कलम १५२ मध्ये ‘सरकारविषयी अप्रीती’ हे शब्द नाहीत, देशाची एकता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणणं आहे. शब्द बदलले म्हणजे अर्थ बदलला का? ठराव या प्रश्नाकडे वळवता आला तर सहा मिनिटं कमी पडतात.

युद्धाच्या ठरावात भाषण ढासळतं ते दोन प्रश्न एकत्र केल्यानं. युद्धात उतरणं योग्य का, हा एक. उतरल्यावर लढण्याची रीत योग्य का, हा दुसरा. पहिल्यासाठी संयुक्त राष्ट्रांची सनद: कलम २(४) बळाचा वापर नको म्हणतं, कलम ५१ स्वसंरक्षणाची मुभा देतं. दुसऱ्यासाठी १९४९ चे चार जिनिव्हा करार. सनदेचं कलम ५१ आणि आपल्या संविधानाचं कलम ५१ (आंतरराष्ट्रीय शांततेचं) यांत घोटाळा दर वर्षी कुणीतरी करतंच. ऑपरेशन सिंदूरचं उदाहरण घ्याल तर तारखा चोख हव्यात: पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५, कारवाई ७ मे, गोळीबार थांबला १० मे. ‘युद्ध जाहीर झालं’ म्हणू नका, झालं नव्हतं. युक्रेनवर बोलताना भारत संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला हे सांगा आणि त्याची कारणं दोन्ही बाजूंनी मांडता येतील एवढी तयारी ठेवा.

तिन्ही विषय जिथे एकत्र येतात ती जागा पुष्कळांच्या नजरेतून सुटते. युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणानं कलम ३५२ खाली आणीबाणी लागली की कलम ३५८ मुळे कलम १९ आपोआप बाजूला पडतं. जगण्याचा हक्क देणारं कलम २१ मात्र १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. बोलणं काढून घेता येतं, जीव घेताना मात्र कायद्याची रीत पाळावीच लागते. कोणत्याही ठरावाला हा मुद्दा जोडता येतो.

आता सोलापूरचा दाखला. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये शहर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फाशी गेले. कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत. लष्करी राजवट, छापील शब्द आणि फाशीचा दोर, तिन्ही एका गावात. पण स्थानिक वक्ता हा दाखला सुरुवातीलाच वाजवतो, टाळ्या घेतो आणि प्रतिस्पर्धी म्हणतो, ‘ते परक्यांचं राज्य होतं, आज घटना आहे.’ खेळ संपला. म्हणून तो तिसऱ्या मुद्द्यानंतर आणा आणि सोबत प्रश्न जोडा: तेव्हाही कागदावर कायदाच होता, आज वेगळं काय आहे, ते कलमानिशी सांगा. डॉ. कोटणीसांचंही तसंच. १९३८ मध्ये चीनला गेलेले आपले डॉक्टर म्हणजे शांततेचं प्रतीक असं मांडलंत, तर समोरचा सांगेल की ते जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्याच्या जखमींसाठी राबले, म्हणजे बाजू घेतली. युद्धाला विरोध करायला हा दाखला कच्चा. आक्रमणाचा प्रतिकार योग्य असं म्हणणाऱ्याला पक्का.

वेळेचं गणित. सहा मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण ६५० शब्द, मिनिटाला ११०. चाळीस सेकंद सुरुवात, तीस सेकंद ठरावाची हद्द, तीन मुद्दे प्रत्येकी सव्वा मिनिट, पाऊण मिनिट खंडन, वीस सेकंद शेवट. चौथा मुद्दा लिहिलेला असेल तर फाडा. प्रत्येक मुद्द्याला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड, त्यावर चारच ओळी: दावा, आधार (निकाल आणि साल), ‘मग काय?’, आणि येऊ शकणारा प्रश्न. मोबाईलवरून वाचू नका. स्क्रीन नेमकी आकडा सांगताना विझते. पहिली घंटा झाली की वेग वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी चालू मुद्द्याचं ‘मग काय?’ सांगून थेट शेवटावर या.

शेर, कविता, ‘मला सांगा मित्रहो’ यांत सहज तीस सेकंद जातात, गुण शून्य. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्यांनी उच्चाराची धास्ती घेऊ नये, आपल्या शहराचा कान त्याला सरावलेला आहे. फक्त खटल्यांची नावं दहा वेळा मोठ्यानं म्हणा.

प्रश्नांच्या फेरीत एखादा परीक्षक हमखास विचारतो, ‘हे तुमचं स्वतःचं मत आहे का?’ गोंधळून ‘खरं तर नाही’ म्हणालात की अख्खं भाषण वाया. ‘माझ्या बाजूला हा आधार सर्वात भक्कम वाटतो’ म्हणा, निकालाचं नाव आणि साल सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा.