डिलोरियन खटला कसा वाचावा

अमेरिकी मोटार-उद्योजक जॉन डिलोरियनवर कोकेनच्या व्यवहाराचा खटला चालला. त्यातली ऑक्टोबर १९८२ची हॉटेलातली चित्रफीत, ज्यात तो कोकेनच्या सौद्यात दिसतो, आधी बाजूला ठेवा. माझ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. ती पाहिली की निकाल मनात आधीच लागतो.

पहिला प्रश्न, डिलोरियनला फोन कुणी केला? जेम्स हॉफमनने, म्हणजे सरकारच्याच खबऱ्याने. जॉन डिलोरियन तेव्हा कशात अडकला होता? बेलफास्टजवळचा डनमरीचा त्याचा मोटारींचा कारखाना बुडत होता, ब्रिटिश सरकार आणखी पैसे देईना. आता खरा प्रश्न: खबऱ्या आलाच नसता, तर हा माणूस कोकेनच्या वाटेला गेला असता का? अमेरिकी कायद्यात सापळ्याचा बचाव, म्हणजे सरकारनेच गुन्ह्याला प्रवृत्त केलं हा युक्तिवाद, इथेच टिकतो किंवा कोसळतो.

ऑगस्ट १९८४मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. मला तो निकाल पटतो. डनमरीच्या कामगारांच्या गेलेल्या नोकऱ्यांचा हिशेब मात्र स्वतंत्र मांडा, आणि त्यात पॉन्टिअॅक जीटीओ या त्याच्या आधीच्या गाजलेल्या मोटारीचं श्रेयही धरा.