‘ट्रेमोलो’ अडला तरी ‘ट्रेमोलो’च म्हणा

पहिलं ट्रेमोलो पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने चालू-बंद करायची डबी, आणायला मी गेले आणि व्हायब्रॅटो घेऊन घरी आले. दुकानदाराची त्यात काही चूक नव्हती. मी तोतरं बोलते. शब्दाच्या सुरुवातीलाच ‘ट’ला ‘र’ जोडून आला की माझी जीभ टाळूला चिकटते आणि सुटत नाही. ट्रेन, ट्रक, ट्रॅफिक, सगळ्यांचं तेच. म्हणून काउंटरपाशी पोचायच्या आतच मी मनातल्या मनात शब्द बदलून टाकला होता. ‘व्हायब्रॅटो पेडल आहे का?’ एका दमात विचारलं. त्यांनी काढून दिलं, मी साडेचार हजार मोजले आणि कुठेही न अडता बाहेर पडले याचाच आनंद झाला. रात्री लावून पाहिलं तर गिटार सुरातून सुटल्यासारखी वाजायला लागली.

पुण्यात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि शनिवार-रविवार चार जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवते. पेडल विकत घेणं, साउंड चेक, माइकवरून साथीदारांची नावं सांगणं, गिटारवाल्याला या सगळ्यात बोलावं लागतंच. ज्यांचे शब्द अडतात आणि ज्यांना ते लपवायची सवय लागली आहे, त्यांच्यासाठी पेडलबद्दल आणि बोलण्याबद्दल एकत्रच लिहिते आहे.

आधी शब्दाचा अर्थ

ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो, स्वर जागचा हलत नाही. व्हायब्रॅटोत स्वरच किंचित वर-खाली होतो. वर्गात मी सांगते, पहिल्यात आयाम बदलतो, दुसऱ्यात वारंवारता. या दोन शब्दांचा घोळ मात्र जुना आहे. गिटार बनवणारे लिओ फेंडर यांच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर जो दांडा आहे त्याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं गेलं, आणि तो दाबल्यावर बदलतो स्वर. उलट त्यांच्याच कंपनीच्या कितीतरी अँप्सवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांवर, ‘व्हायब्रॅटो’ असं छापलेलं असतं, आणि तिथे बदलतो फक्त आवाजाचा जोर. त्यामुळे दुकानात नुसतं ‘थरथरणारं पेडल’ म्हणून चालत नाही. नेमका शब्द लागतो, आणि तो अडणारा असला तरी तोच लागतो.

दुकानात जाताना हे करा. शब्द बदलू नका. सुरुवातीलाच, नजर खाली न घालता सांगा, ‘मी तोतरं बोलते, एक शब्द अडेल, थोडं थांबा.’ मग ‘ट्रेमोलो’ म्हणा. अडला तर जोर लावू नका. जोर लावला की जीभ आणखी घट्ट बसते. जिथे अडलंय तिथेच क्षणभर राहा, जीभ हळूहळू सैल सोडा आणि शब्दात घसरत जा. अमेरिकेतले वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते, आणि ही रीत त्यांच्या पद्धतीतली आहे. तोतरेपणा घालवण्यावर भर न देता सोप्या तऱ्हेने तोतरं बोलायला शिका, असं त्यांचं म्हणणं. समोरच्याने मधेच ‘ट्यूनर? ट्रान्सफॉर्मर?’ असं सुचवलं तर मान हलवून नाही म्हणा आणि आपला शब्द पूर्ण करा. शब्द संपल्यावर अर्थही सांगा, ‘आवाज लहान-मोठा करणारं.’ अर्थ शब्दानंतर सांगायचा. शब्दाच्या जागी सांगितला तर ती पुन्हा पळवाट होते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी असंच केलं. बराच वेळ लागला, मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. पेडल मात्र बरोबर मिळालं.

आत काय चालतं

१९४० च्या दशकात डीआर्मंड कंपनीचा एक ट्रेमोलो यायचा. त्यात वीज वाहून नेणारा द्रव भरलेली छोटी डबी असायची आणि एक मोटार ती हलवत राहायची. द्रव हिंदकळून आतल्या खुंटीला लागला की सिग्नलचा काही भाग ग्राउंडकडे वाहून जायचा, आवाज बसायचा आणि द्रव परतला की पुन्हा उठायचा. अमेरिकी गिटारवादक बो डिडली यांनी हेच यंत्र वापरलं. पुढे १९६० च्या दशकातल्या फेंडरच्या अनेक अँप्समध्ये एक निऑन दिवा आणि समोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक, म्हणजे एलडीआर, असं एका काळ्या आवरणात बंद केलेलं असे. दिवा लुकलुकतो, रोध बदलतो, आवाज हलतो.

हे तुम्हाला घरी करून बघता येईल. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एलडीआर थोड्याच पैशांत मिळतो. गिटार आणि अँपच्या मध्ये १० किलोओहमचा रोधक घाला. त्यानंतर, अँपच्या बाजूला, सिग्नलच्या तारेपासून ग्राउंडपर्यंत एलडीआर जोडा. खोलीत अंधार करा, एलडीआरवर टॉर्च धरा आणि मध्ये बोटं हलवत तार छेडा. उजेड पडला की आवाज दबतो, सावली आली की उठतो. बारावीच्या वर्गात मी दरवर्षी हे दाखवते. मुलं आळीपाळीने येऊन बोटं हलवतात, आणि फळ्यावर मी ‘ट्रेमोलो’ लिहिते आणि मोठ्याने म्हणते, जितका वेळ लागेल तितका घेऊन.

बटणं

माझ्याकडचं ट्रेमोलो बॉस कंपनीचं टीआर-२ आहे. १९९७ पासून बाजारात असलेलं हे पेडल, त्यावर तीनच बटणं आहेत: रेट, वेव्ह, डेप्थ. रेट म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. डेप्थ म्हणजे आवाज किती खोल बसणार. वेव्ह म्हणजे हेलकाव्याचा आकार. डावीकडे त्रिकोण, चढ-उतार सावकाश, पाळण्यासारखा. उजवीकडे चौकोन, आवाज आहे किंवा नाही, पंख्यासमोर बोलल्यासारखा तुटक.

सुरुवात अशी करा. वेव्ह पूर्ण डावीकडे, डेप्थ घड्याळात दहा वाजतात त्या जागी, रेट मध्यावर. एक सुटा कॉर्ड वाजवून तो विरेपर्यंत ऐका. हेलकावा आहे की नाही असा संशय येईल इतपतच डेप्थ ठेवा, आमच्या भावगीतांना ती पुरते. डेप्थ वाढवत गेलात की आवाज एकूणच कमी झाल्यासारखा वाटतो, कारण अर्धा वेळ तो दबलेलाच असतो. पेडलवर लेव्हलचं बटण नसेल तर त्याच्यानंतर आवाज वाढवणारं एखादं बूस्ट पेडल लावा.

वेगाचा हिशेब मी मात्रांनी करते. केरवा मिनिटाला १२० मात्रांनी चाललाय, तर मात्रा सेकंदाला दोन. एका मात्रेला दोन हेलकावे हवे असतील तर सेकंदाला चार. दादरा १५० मात्रांवर असेल तर मात्रेला एक हेलकावा म्हणजे सेकंदाला अडीच. आकड्यांवर मात्र थांबू नका. डाव्या हाताने तारा दाबून मुक्या करा, उजव्याने ‘धा धीं ना धा तीं ना’ छेडा आणि हेलकावा मात्रेवर बसेपर्यंत रेट अगदी बारीक फिरवा.

एक अडचण इथे येतेच. या पेडलला टॅप टेंपो, म्हणजे पायाने ठोके देऊन वेग ठरवायची सोय, नाही, आणि पाय कधी ठेवलात याच्याशी आतल्या हेलकाव्याला देणंघेणं नसतं. समेवर कॉर्ड मारला आणि नेमका तेव्हाच हेलकावा तळाला असला तर सम गिळली जाते. आम्ही यावर दोन उपाय करतो. संथ गाण्यात मी एकटी चार मात्रा आधी सुरू करते आणि ड्रमर माझ्या हेलकाव्यावर येतो. जलद गाण्यात रेट मुद्दाम तालापेक्षा बराच जास्त ठेवते, म्हणजे कान त्यात मात्रा शोधत नाही.

गिटारकडून अँपकडे जाताना पेडलांची जागा: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), मग ट्रेमोलो, मग डिले (प्रतिध्वनी देणारं) आणि रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारं). ट्रेमोलो ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलात तर ओव्हरड्राइव्ह आवाजाचे चढ-उतार दाबून टाकतं आणि हेलकावा मळकट होतो. रिव्हर्बच्या नंतर लावलात तर खोलीचा घुमारासुद्धा हलायला लागतो, तो मला आवडत नाही. न वाजवताही टिक-टिक ऐकू येत असेल तर ती बहुतेक पेडलच्या आतली लहर वीजपुरवठ्यातून झिरपत असते. सगळी पेडल्स एकाच अडॅप्टरच्या माळेत असतील तर ट्रेमोलोला स्वतंत्र ९ व्होल्टचा पुरवठा द्या.

बोलण्याची तयारी

लहानपणी आजीने माझ्या जिभेवर वेखंड उगाळून लावलं होतं. तिची माया खरी होती. पण तोतरेपणा जिभेच्या जडपणामुळे किंवा भित्रेपणामुळे येत नाही. बोलण्याची वेळ साधणाऱ्या मेंदूच्या कामात तो असतो आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. मोठ्या माणसांत शंभरातला साधारण एक जण तोतरं बोलतो. ‘त त प प होणं’ म्हणजे घाबरणं, हे आपल्या भाषेने करून ठेवलेलं समीकरण मला अजून टोचतं. मी घाबरलेली नसतानाही अडते.

कोणी कौतुकाने म्हणतं, तुझ्या बोलण्यातच ट्रेमोलो आहे. मला ते मान्य नाही. ट्रेमोलोला रेटचं बटण आहे, हेलकावा सारखा येतो. माझं अडणं आज एक, उद्या दुसरं, आणि त्याला कुठलंच बटण नाही. गाताना मी अडत नाही हेही लोक आश्चर्याने सांगतात. बहुतेक तोतऱ्यांचं तसंच असतं, तालात किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना शब्द सुटतात. पण म्हणून भाजी गाऊन मागता येत नाही.

मला उपयोगी पडला तो सराव म्हणजे मुद्दाम तोतरं बोलणं. न अडणारा शब्द घ्यायचा आणि आपणहून अडवायचा. मंडईत मी ‘ब-ब-बटाटे’ म्हणाले, सावकाश, भाजीवाल्या मावशींकडे बघत. त्यांनी एक किलो तोलून दिले आणि ‘कोथिंबीर हवी का?’ विचारलं. रोज एक असा शब्द, आधी अनोळखी माणसाशी, मग ओळखीच्या, मग फोनवर. फोन मला सगळ्यात जड गेला, कारण शांतता झाली की पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करतो. आता पहिल्याच वाक्यात सांगून टाकते.

एकटीने जमत नसेल तर मदत घ्या. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. शिवाय टिसा, म्हणजे द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, तिचे स्वमदत गट आहेत. तिथे सगळेच अडतात, त्यामुळे कोणालाच घाई नसते.

वर्गात पहिल्या दिवशी मी एवढंच सांगते: ‘मी तोतरं बोलते. शब्द अडला की थांबा, तो मीच पूर्ण करेन. प्रश्न असेल तर आत्ता विचारा.’ माफी मागत नाही, कारण देत नाही. मुलं एक-दोन प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते आणि एककं शिकवायला लागते.

साउंड चेक आणि मंच

साउंडवाल्याला भेटल्याभेटल्या हेच वाक्य सांगा, आणि सोबत हेही: ‘पेडलमुळे आवाज कमी-जास्त होईल, ते मुद्दाम आहे, फेडर हलवू नका.’ (फेडर म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी.) हे न सांगितल्याने आमच्या एका कार्यक्रमात पूर्ण कडवंभर माझा हेलकावा कोणीतरी हाताने सपाट करत होतं.

पूर्वी दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला लागू नये म्हणून मी ट्रेमोलो चालू ठेवून कॉर्ड घोळवत बसायचे. डेप्थ पूर्ण, रेट संथ, लोकांना तो ढंगच वाटायचा. आता क्रम ठरवलाय. शेवटचा कॉर्ड विरू द्यायचा, पाय ठेवून पेडल बंद, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, मग माइक. गिटार हातात असली तरी तारांना हात लावायचा नाही.

बँडलाही सांगून ठेवा. आमचा ड्रमर मी अडले की हळूच ब्रश फिरवायला लागायचा, माझ्यावरच्या प्रेमाने, शांतता भरून निघावी म्हणून. त्याला सांगायला मला वर्ष लागलं. ते वाजायला लागलं की मला घाई होते आणि शब्द आणखी आत जातो, असं सांगितल्यावर त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

गेल्या दिवाळी पहाटेला कीबोर्डवाल्याचं नाव सांगताना मी अडले. नंतर रेकॉर्डिंगवर मोजलं, अकरा सेकंद. ड्रमरच्या काठ्या मांडीवर होत्या. नाव आलं, टाळ्या पडल्या, मी व्हॉल्यूम चढवला, पाय पेडलवर ठेवला आणि आम्ही दादरा उचलला.