आप्पांना उठवायचं कसं

मागच्या पावसाळ्यात पहाटे ४ वाजता आमचे आप्पा मागच्या पडवीत कोसळले. वय ८१. सगळे म्हणाले, शेवाळावर पाय घसरला. पण पडवी कोरडी होती; उठून उभं राहताच बीपी उतरलं असणार. गुहागरकडे ३० वर्षं नर्स म्हणून काम केलं, तरी घरच्या माणसाचं उभ्याने बीपी बघायचं मला सुचलं नव्हतं, याची रुखरुख आजही आहे.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं आणि बीपी खाली येऊ लागतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्ताच्या दाबाने भिंतींवर पडणारा ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात, आणि मेंदू ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. उतारवयात या वाहिन्या ताठर होतात, ताणातला फरक नीट कळत नाही. निरोप पोचला तरी हृदय पूर्वीसारखा वेग घेत नाही. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते.

म्हणून आधी मोजा. ५ मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. शेजारी धरायला माणूस हवाच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. आप्पांचा १४६ वरून ११२ वर आला होता. प्रोस्टेटची आणि लघवी वाढवणारी, अशा बीपी उतरवू शकणाऱ्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना सांगितल्या. त्यांनी वेळा बदलून दिल्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

आता आप्पा जाग आली की पडल्या पडल्या पावलं २० वेळा वर-खाली करतात. मग कुशीवर वळून, कोपर टेकून बसतात. पाय खाली सोडून शंभरपर्यंत मोजतात, मधे उशाशी ठेवलेलं पेलाभर पाणी पितात. (म्हातारपणी तहान कमी लागते, मागायची वाट बघू नका. हृदय-किडनीचा आजार असेल तर पाणी किती, ते डॉक्टरांना विचारा.) उभे राहिले की खाटेचा दांडा धरून मांड्या आवळतात. अंधारी आली की आहे तिथेच बसायचं, दोन पावलांवर दार असलं तरी.

जेवणानंतर दोनेक तास रक्त पोटाकडे वळतं, म्हणून दुपारी भात निम्मा, चारला थोडी पेज. जेवून लगेच पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरायची नाही. कढत पाण्याने वाहिन्या सैलावतात, म्हणून अंघोळ कोमट पाण्याने आणि बसून. न्हाणीच्या दाराची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे, म्हणजे गरज पडली तर आत जाता येतं.