ड्राइव्हसाठी हार्मोनिक फिल्टर घेताना लोड आधी मोजा

व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) पॅसिव्ह हार्मोनिक फिल्टर (ड्राइव्हमुळे करंटमध्ये मिसळणाऱ्या ५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी, म्हणजे हार्मोनिक, कमी करणारा चोक-कपॅसिटरचा संच) निवडताना मोटरच्या नेमप्लेटवर विसंबू नका. पंप किंवा ब्लोअर रोज ज्या लोडवर चालतो, त्या लोडला ड्राइव्हच्या इनपुटचा करंट पॉवर अ‍ॅनालायझरने मोजा. फिल्टरच्या कॅटलॉगमधला ५ टक्के टीएचडी (करंटमधल्या एकूण हार्मोनिकचं प्रमाण) पूर्ण लोडचा असतो. लोड निम्म्यावर आला की तो आकडा वाढतो. म्हणून निम्म्या लोडचा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.

खरी मेख कपॅसिटरमध्ये आहे. कमी लोडवर फिल्टरचे कपॅसिटर पॉवर फॅक्टर लीडिंग करतात, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो. ग्रिडवर ते खपून जातं, पण लाइट गेली आणि डीजी (डिझेल जनरेटर) सेट चालू झाला की अल्टरनेटरचं व्होल्टेज वर चढतं, एव्हीआरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला) ते आवरत नाही आणि सेट ट्रिप होतो. आपल्याकडे एमआयडीसीत डीजी नसलेला कारखाना शोधावा लागेल, त्यामुळे कमी लोडवर कपॅसिटर बाजूला काढणारा कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारा स्विच) असलेलाच फिल्टर मागवा. थोडा महाग पडला तरी चालेल.

त्याच बसबारवर (सामायिक वीजपट्टीवर) एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं कपॅसिटरचं पॅनल) असेल तर त्यात डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरला हार्मोनिकपासून वाचवणारे चोक) आहेत का, हेही पाहा. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर ५० हर्ट्झवर सुमारे १८९ हर्ट्झला ट्यून होतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या, २५० हर्ट्झच्या, खाली. साधे कपॅसिटर असतील तर रेझोनन्सने, म्हणजे हार्मोनिक कैक पटींनी वाढून, ते फुगतात.

ड्राइव्ह छोटा आणि एकटाच असेल तर ३ ते ५ टक्क्यांचा लाइन चोक (ड्राइव्हच्या इनपुटला लावायची कॉइल) बहुधा पुरतो.