उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवायची तर

नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि एसी नसलेली खोली दुपारी ३८-४० अंशांवर. कॅबिनेटचे फॅन हवा फक्त ढकलतात, थंड करत नाहीत. खोली १५ अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच चढतात. जानेवारीत ७० वर चालणारं ग्राफिक्स कार्ड मे महिन्यात ८५ च्या घरात जातं ते यामुळेच. मी मशीन जोडून देतो, आणि एप्रिल लागला की "अजून दोन फॅन टाकून द्या ना भाऊ" असे फोन सुरू होतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बाजूची काच काढून बघा.

अर्धा तास गेम किंवा रेंडर चालवा, सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून ठेवा. मग काच काढून तेच काम पुन्हा. आकडे पाच-सात अंशांनी उतरले तर आत हवा पोचत नाहीये. काहीच फरक पडला नाही तर दोष बहुधा हीटसिंकमधल्या (चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांमधल्या) धुळीत किंवा चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये आहे. तिथे नवे फॅन घेऊन पैसे वाया जातील.

हवा न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे समोरची बंद काच. त्या काचेमागे तीन झगमगते फॅन, आणि हवेला यायला बाजूची बोटभर फट! दिव्यांनी एक अंशही उतरत नाही. कॅबिनेट घेतानाच समोर जाळी असलेलं घ्या.

मांडणी साधीच ठेवा. समोरून आत घेणारे दोन फॅन, १२० किंवा १४० मिमीचे, आणि मागे बाहेर फेकणारा एक. समोरचा खालचा फॅन ग्राफिक्स कार्डच्या पातळीला येऊ द्या, कारण सगळ्यात जास्त उष्णता तेच ओकतं. सीपीयूवरच्या टॉवर कूलरचा (उभ्या हीटसिंकचा) फॅन हवा मागच्या दिशेने फेकणारा असावा. छतावर फॅन लावायचाच असेल तर मागच्या अर्ध्या भागात लावा. छताच्या पुढच्या कोपऱ्यातला फॅन समोरून आलेली ताजी हवा सीपीयूपर्यंत जाण्याआधीच वर खेचून घेतो. फॅनची दिशा ओळखायला त्याचा सांगाडा बघा: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते.

आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असावी. मग हवा फिल्टरमधूनच येते, फटींतून धूळ ओढली जात नाही. तपासायला पेटलेली उदबत्ती मागच्या फटींजवळ धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर बरोबर. आत ओढला गेला तर मागच्या फॅनचा वेग कमी करा.

आता आमच्याकडचा खास प्रश्न, पाण्याचा कूलर. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर हीटसिंकवर बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा आणि कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. खोलीतली हवा बाहेर गेली नाही तर कूलरही निकामी आणि खोलीही दमट. कॅबिनेट आणि भिंत यांत वीतभर जागा सोडा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन ठेवणार असाल तर त्या कप्प्याची मागची प्लाय काढून टाका, नाहीतर तीच गरम हवा फिरून पुढून आत येते. पॉवर सप्लाय खालून हवा घेणारा असेल तर कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका, खाली पाट सरकवा. जमिनीवरची धूळही त्यामुळे कमी येते.

वेगाचं म्हणाल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) समोरचे फॅन सीपीयू ६० अंशांवर जाईपर्यंत ८००-९०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) स्थिर ठेवा, त्यापुढे हळूहळू चढू द्या. सीपीयूचं तापमान क्षणात दहा अंश वरखाली होतं. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावला नाही तर दिवसभर घूंऽऽ-घूंऽऽ ऐकत बसाल.

जाळीचे फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारायचा असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, आणि फॅनचं पातं बोटाने धरून मारा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.