तुलनेने पाहणे: वास्तववादी तैलचित्राची पद्धत

वास्तववादी चित्रकाराचे कौशल्य बारीक तपशिलांत असते, असा समज सर्रास आढळतो आणि नवशिक्याचे सर्वाधिक नुकसान याच समजामुळे होते. पापणीचा प्रत्येक केस रंगवलेले व्यक्तिचित्र निर्जीव राहू शकते, तर मोजक्या रुंद फटकाऱ्यांत उभा केलेला चेहरा आता बोलेल की काय, असे वाटते. चित्राला खरेपणा येतो तो एका छटेचे, म्हणजे उजळ-गडदपणाच्या एका पायरीचे, शेजारच्या छटेशी असलेले नाते अचूक साधल्याने. प्रत्यक्षातील ऊन आणि सावली यांच्यातील तफावत रंगद्रव्यांच्या आवाक्याबाहेरची असते. पॅलेटवरचा (रंग कालवायच्या फळीवरचा) सर्वांत पांढरा रंगही धातूच्या भांड्यावरील लखलखत्या बिंदूची बरोबरी करू शकत नाही. म्हणून समोरचा उजेड जसाच्या तसा उतरवणे मुळात अशक्य आहे. उतरवायची असतात ती उजेडाची परस्पर प्रमाणे.

जुन्या शिक्षणपद्धतीचा सारा भर या तुलनेवरच होता. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कलाशाळांत विद्यार्थी आधी छापील रेखाटनांच्या प्रतिकृती करत, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून आणि त्यानंतर जिवंत मॉडेलवरून रेखाटन करत. रंग हाती येत ते बरेच पुढे. फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांनी ज्याँ-लेओं जेरोम या चित्रकाराच्या साहाय्याने 1866 ते 1871 या काळात काढलेला रेखाटनाचा अभ्यासक्रम याच क्रमासाठी होता आणि आजही अनेक चित्रशाळा तो वापरतात. प्लॅस्टरच्या पुतळ्याला स्वतःचा असा रंग जवळपास नसतो, त्यामुळे डोळा रंगाच्या मोहात न पडता केवळ उजेड आणि अंधार तोलायला शिकतो. घरी पुतळा नसेल, तर मॅट, म्हणजे चमक नसलेला, पांढरा रंग दिलेली कोणतीही साधी वस्तू चालते. कोळशाने तिची रेखाटने करण्यात काही महिने गेले, तरी ते वाया गेले असे कोणी समजू नये.

विषयाची निवड हाही पद्धतीचाच भाग आहे. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे यांनी 1849 मध्ये रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर जवळपास माणसाच्या उंचीचे रंगवले, म्हणजे जो आकार तोवर मुख्यतः ऐतिहासिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी राखीव होता, तो त्यांनी कष्टकऱ्यांना दिला. 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची काही मोठी चित्रे नाकारली गेली, तेव्हा त्यांनी जवळच स्वतःचा मंडप उभारून ‘वास्तववाद’ या नावाखाली आपली चित्रे मांडली. त्यांच्याकडून घेण्याजोगा धडा असा की, जे डोळ्यांसमोर आहे आणि ज्याकडे पुन्हा पुन्हा पाहता येईल, तेच निवडावे. अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार शार्दँ यांनी स्वयंपाकघरातील तीच ती भांडी वर्षानुवर्षे रंगवली आणि त्यांतून कधीही न संपणारे काम उभे केले.

सुरुवातीला पांढऱ्या कापडावर ठेवलेले एक पांढरे अंडे पुरेसे आहे. उजेड एकाच दिशेने, किंचित वरून आणि बाजूने यावा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडची खिडकी उत्तम, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. खिडकी नसेल तर एक स्थिर दिवा लावून बाकीचे बंद करावेत. आता डोळे किलकिले करून पाहावे. तपशील विरघळतात आणि उजेडातला भाग व सावलीतला भाग अशी दोनच क्षेत्रे उरतात. अंड्यावरील सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसून कडेच्या आत, उजेड जिथे संपतो तिथे, असतो. त्यापलीकडे कापडावरून परतलेला उजेड सावलीला पुन्हा थोडे उजळवतो. बहुतेकांचा हात घसरतो तो इथेच: हा परतलेला उजेड ते फार पांढरा करतात आणि अंडे काचेचे दिसू लागते. सावलीतली सर्वांत उजळ जागाही उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच ठेवावी. अंड्याखाली, ते कापडाला टेकते तिथे, पडछायेची कड धारदार असते आणि अंड्यापासून दूर जाताना ती मऊ होत जाते. ही एक कड नीट साधली की अंडे कापडावर बसते. नाहीतर ते तरंगत राहते.

कॅनव्हास कोरा पांढरा ठेवू नये, कारण पांढऱ्यावर लावलेली प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद वाटते आणि सगळे अंदाज चुकतात. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबर या मातकट तपकिरी रंगाचा मध्यम गडद थर आधी देऊन तो वाळू द्यावा. इझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) वस्तूच्या शेजारी असे उभे करावे की ठरावीक जागेवरून पाहताना चित्र आणि वस्तू एकाच आकाराची दिसतील. तिथे मागे उभे राहून निर्णय घ्यावा, पुढे जाऊन एक फटकारा द्यावा, पुन्हा मागे यावे. चालणे पुष्कळ होते, पण कॅनव्हासला नाक लावून बसलेल्याला तुलना करताच येत नाही. अधूनमधून चित्र आरशात पाहावे. सवयीमुळे दिसेनाशा झालेल्या चुका उलट्या प्रतिमेत लगेच उघड होतात.

रंगांची संख्या कमी ठेवण्याचा मी आग्रह धरेन. पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), एक तांबडा आणि आयव्हरी ब्लॅक एवढ्यांत त्वचेच्या बहुतेक छटा मिळतात, कारण पांढऱ्यात मिसळलेला काळा उबदार रंगांच्या शेजारी निळसर भासतो. काम सुरू करण्यापूर्वी पॅलेटवर उजेडाच्या तीन आणि सावलीच्या दोन छटा तयार करून त्या पॅलेट-नाइफच्या (रंग कालवायच्या पातीच्या) टोकावर घेऊन वस्तूच्या दिशेने धरून ताडून पाहाव्यात. आधी सावलीचे मोठे आकार, मग उजेडाचे, मग त्यांच्यामधले संक्रमण आणि सर्वांत शेवटी चमकेचा बिंदू. छायाचित्राचा आधार घ्यायचाच असेल तर जपून घ्यावा. त्यात सावल्या अनेकदा सपाट काळ्या पडतात आणि प्रत्यक्षात मऊ असलेल्या कडाही धारदार दिसतात.

थर देताना खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा असावा, नाहीतर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. तैलरंगातले जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते, त्यामुळे तेलाने माखलेली फडकी गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत आणि काम करताना खिडकी उघडी ठेवावी. चित्रावर पारंपरिक वॉर्निश, म्हणजे शेवटचा पारदर्शक संरक्षक लेप, देण्यासाठी साधारण सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते, आणि रंगाचा थर जाड असेल तर त्याहूनही अधिक काळ.