सोसायटीने कुत्र्याच्या जातीवरच हरकत घेतली तर

रॉटवायलर किंवा पिटबुल पाळणाऱ्या घराला सोसायटीचे ‘या जातीवर बंदी आहे, कुत्रा हलवा’ असे पत्र आले, तर ही बंदी कोणी आणि कोणत्या आदेशाने घातली, हे आधी लेखी विचारावे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून २३ जातींना व त्यांच्या संकरांना परवाना देऊ नये आणि पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे राज्यांना कळवले होते. त्या यादीत ‘टेरियर’ असा अख्खा गट सरसकट होता आणि जपानी तोसा चक्क दोनदा आला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला हे परिपत्रक रद्द केले आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच केले, त्यामुळे पत्रात याच परिपत्रकाचा आधार असेल, तर उत्तरात हे निकाल नमूद करावेत.

मात्र एवढ्यावर निश्चिंत राहू नये. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो यांच्यावर स्वतःच बंदी घातली होती, म्हणून आपल्या महापालिकेचे परवान्याचे नियमही पाहावेत. परवाना, रेबीज लसीची नोंद आणि निर्बीजीकरणाचा दाखला यांच्या प्रती उत्तरासोबत जोडाव्यात. कुत्रा संकरित असेल, तर पशुवैद्याकडून तशी नोंद करून घ्यावी. अडचण टाळण्यासाठी परवान्यावर खोटी जात लिहू नये.

बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण शेजाऱ्याची भीती सूचनांचा कागद दाखवून जात नाही. स्वभाव जातीवरून ठरत नसला, तरी चाळीस किलोच्या कुत्र्याचा चावा पामेरियनच्या चाव्यासारखा नसतो, हे मालकाने मान्य करावे आणि लिफ्टमध्ये व जिन्यात आखूड पट्ट्यासोबत मुसके आपणहून वापरावे. मुसके जाळीचे घ्यावे, कारण कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि तोंड आवळणारे कापडी मुसके उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. सवय लावताना जाळीत आतून थोडे दही लावून कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्यावे, पहिले काही दिवस पट्टी बांधूच नये, मग काही क्षण बांधून सोडावी आणि घरात तो शांत राहू लागल्यावरच मुसक्यासह बाहेर न्यावे.

प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तिथे जात विचारली जात नाही. म्हणूनच दहा वर्षांच्या मुलाच्या हाती असा कुत्रा फिरायला देऊ नये, मग तो घरात कितीही गरीब असो.